वायफाय माजघरापर्यंत का येत नाही?

खेडचं आमचं घर जुनं, जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंतींचं. पुढे ओटी, मग माजघर आणि शेवटी सासूबाईंची खोली. गुडघ्यांमुळे त्यांना पुढे येऊन बसवत नाही, म्हणून टीव्ही त्यांच्याच खोलीत. घरात वायफाय आलं तेव्हा बसवणाऱ्या मुलाने विचारलं, ‘राऊटर कुठे लावू?’ हे म्हणाले, ‘लाव इथेच, ओटीवर.’ सासूबाईंना विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही. खरं सांगते, माझ्याही नाही!

झालं! ओटीवर सगळ्यांचे मोबाइल सुसाट आणि मागे सासूबाईंचं कीर्तन ऐन रंगात येऊन थांबायचं. ‘अगं, बुवा परत गप्प झाले बघ,’ त्या हाक मारायच्या. ‘नेट स्लो आहे, आई,’ म्हणून मी वेळ मारून न्यायची. ह्यांनी तर महागडा प्लॅन घ्यायचं ठरवलं.

सुट्टीत लेक आली. तिने मोबाइलवर वेग मोजून दाखवला. ओटीवर भरपूर, मागच्या खोलीत जेमतेम. दोष प्लॅनचा नव्हताच, मधल्या दोन भिंतींचा होता! पावसाळ्यात भिंतींनी ओल धरली की लहरी आणखीच अडतात.

मग आम्ही आधी बिनपैशाचा उपाय केला. राऊटर माजघरात, उंच फळीवर, लोखंडी कपाटापासून लांब ठेवला. राऊटरवर दोन पट्टे असतात, हेही तेव्हाच कळलं. 5 गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे दमणारा. 2.4 चा जरा संथ, पण लांब पोचणारा. तरीही अडखळलं तेव्हा माळ्यावरून वायर नेऊन टीव्हीच्या मागच्या खाचेत लावली. उंदरांच्या भीतीने ती पाइपातून ओवली. अशी वायर 100 मीटरपर्यंत नीट चालते. वायर नेता येत नसेल तर एक्स्टेंडर मिळतो, पण तो टीव्हीशेजारी नव्हे, वाटेत मध्यावर लावायचा. जिथे नेटच पोचत नाही, तिथून तो पुढे काय पाठवणार?

कुणी म्हणेल, टीव्हीच तर बघायचाय, त्यासाठी एवढा खटाटोप? पण मैत्रिणींनो, जिचं देवळात जाणं थांबलंय, तिच्यासाठी ते कीर्तन म्हणजेच देऊळ. 1987 साली ‘रामायण’ लागायचं तेव्हा कुणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवायचं आणि खालून सगळे ओरडायचे, ‘आलं, आलं!’ चित्र सगळ्यांना एकदमच दिसायचं. आता ज्याच्याजवळ राऊटर, त्यालाच दिसतं.

2020 च्या टाळेबंदीत कोकणातली मुलं रेंजसाठी डोंगर चढून शिकली. तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पण आपल्याच घरात शेवटच्या खोलीत रेंज आहे का, हे किती जणींनी पाहिलं? बचत गटात विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘ताई, आम्हाला कुठे कळतं त्यातलं!’ कुकरची शिट्टी, मिक्सरचं भांडं, गॅसचा रेग्युलेटर, सगळं कळतं की! मग हेच का नाही?

घरात सोय येते तेव्हा ती आधी ओटीवरच थांबते. तिला हाताला धरून आत आणावं लागतं. आज फोन घेऊन घरभर एक फेरी मारा आणि नेट कुठे थांबतंय ते बघा. तिथे कोण बसतं, तेही बघा.