एका दिवसाचे बंदर

खाडीकाठ । साप्ताहिक सदर
सवकर

महाडमधले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी येत्या उन्हाळ्यात मुलीबरोबर नॉर्वेच्या समुद्रसफरीला निघाले आहेत. बर्गन बंदराला बोट सकाळी आठला लागते आणि संध्याकाळी पाचला सुटते. "तेवढ्या वेळात काय काय बघून होईल ते नीट लिहून द्या," असे गुरुजींनी हक्काने सांगितले. ते उत्तर इथे सर्वांसाठी देतो आहे. परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांना अशा सफरींना नेऊ लागली आहेत. शिवाय आपल्या खाडीपट्ट्यातले कितीतरी जण जहाजांवर नोकरी करतात आणि त्यांच्याही वाट्याला प्रत्येक बंदर चारसहा तासांपुरतेच येते.

आधी वेळेचा हिशेब. आठ ते पाच म्हणजे नऊ तास, हे कागदावर. बोट लागल्यावर उतरायची परवानगी मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. सुटण्याआधी किमान अर्धा तास सगळ्यांनी आत असावे लागते, आणि उशीर झालेल्या एकट्यादुकट्यासाठी जहाज थांबत नाही. जेवण आणि विसावा वजा केला की हाती उरतात सहा तास. एवढ्यात दोन ठिकाणे नीट पाहता येतात, तिसरे वाटेत पडले तर. बर्गनहून रेल्वेने फ्लोमच्या दरीत जाऊन त्याच दिवशी परत यायचा बेत पुष्कळ जण आखतात. ती सफर सुंदर आहे, पण तिला अख्खा दिवस लागतो. एक गाडी चुकली तर बोट गेली. हा बेत बर्गनला मुक्काम असेल तेव्हाच करावा.

मग करायचे काय? उतरल्याबरोबर, गर्दी व्हायच्या आत, फ्लोयेन डोंगराची दोरखंडावर चालणारी रेल्वे गाठावी. ती 1918 पासून सुरू आहे आणि मासळीबाजारापासून जेमतेम दोन मिनिटांवरून सुटते. काही मिनिटांत ती समुद्रसपाटीपासून 320 मीटरवर नेऊन सोडते. वरून सगळे शहर एका नजरेत येते: पाठीशी डोंगर, पुढे खाडीसारखा आत शिरलेला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरे. आपल्याकडच्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. गुडघे साथ देत असतील तर उतरताना चालत यावे, तासाभराची सोपी उतरण आहे.

खाली आल्यावर ब्रुग्गेन, म्हणजे जुना धक्का. इथे घाई करू नये. समोरची रंगीत लाकडी घरे सगळेच पाहतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. खरे बघण्यासारखे आहे ते त्या घरांच्या मधल्या बोळांत. साधारण 1360 पासून 1754 पर्यंत इथे हान्सा या जर्मन व्यापारी संघाची पेढी होती. उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवरून वाऱ्यावर सुकवलेले कॉड मासे होड्यांनी इथे यायचे आणि त्यांच्या बदल्यात धान्य उत्तरेला जायचे. आपल्या किनाऱ्यावर मांडवांवर बोंबील वाळत घालतात, तसेच तिथे लाकडी मांडवांवर कॉड वाळतो, मीठ न लावता. एवढ्या एका सुक्या मासळीवर ते शहर मोठे झाले. गोदामे लाकडाची, म्हणून राहत्या घरांत आग पेटवायला बंदी होती. स्वयंपाक आणि शेकोटी यांसाठी मागच्या बाजूला वेगळी दालने होती. तरीही शहर पुन्हापुन्हा जळाले. 1702 च्या मोठ्या आगीनंतर धक्का जुन्याच आखणीवर पुन्हा उभारला, आणि आज जी घरे दिसतात ती मुख्यतः त्या बांधणीची. 1955 मध्ये आणखी एक भाग जळाला. तिथे खोदकाम झाले तेव्हा जमिनीखालून जुन्या रून लिपीतले शेकडो लेख निघाले, बहुतेक लाकडाच्या काटक्यांवर कोरलेले. त्यांत व्यापाऱ्यांच्या मालावरच्या चिठ्ठ्या आहेत, तशी प्रेमाची आणि थट्टेची वाक्येही आहेत. त्याच जागेवर आता संग्रहालय आहे. पाऊस लागला तर तास-दीड तास तिथे घालवावा. 1979 मध्ये युनेस्कोने ब्रुग्गेनला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

पाऊस लागेलच, असे धरून चालावे. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. महाडला त्याहून जास्त पडतो, पण आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथला बारा महिने थोडाथोडा पडत राहतो आणि वाऱ्याने छत्री टिकत नाही. टोपीचा रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट घ्यावेत. रोख पैसे फारसे चालत नाहीत, सगळीकडे कार्ड लागते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन व्हिसा तिथे चालतो. मात्र बोट इंग्लंडमधून सुटत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो, आणि तोही परत आत येता येईल असा. ही तपासणी तिकीट काढायच्या आधी करावी. मासळीबाजारात भाव जबर आहेत. माशाचे गरम सूप एकाने घेऊन दोघांनी चाखावे. शाकाहारी मंडळींनी तिथला दालचिनीचा गोड पाव घ्यावा.

गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर इथे संपते. मला लिहायचे आहे ते याच्यापुढे.

बर्गनचा हा एक दिवस पाहुण्याला सुखाचा जातो, कारण त्याची आखणी त्या शहराने आधी करून ठेवली आहे. बोटीतून उतरल्यावर चालत पोहोचता येईल असा रस्ता आहे, पाट्या आहेत, बाके आहेत. एका दिवशी सफरी जहाजांतून आठ हजारांहून अधिक प्रवासी येऊ नयेत, अशी मर्यादा शहराने घातली आहे. धक्क्याला लागलेल्या जहाजांना किनाऱ्यावरून वीज देण्याची सोय आहे, म्हणजे इंजिन चालू ठेवून धूर सोडावा लागू नये. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की त्या किनाऱ्याने आपली गावोगावची बोट बंद पडू दिली नाही. 1893 मध्ये रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने उत्तर नॉर्वेत टपाल, माल आणि माणसे नेणारी नियमित बोट सुरू केली. पाच वर्षांनी ती बर्गनपर्यंत आली. आज ती बर्गनहून निघून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत चौतीस बंदरे घेते. रस्ते झाले, विमाने आली, तरी ती बोट चालू राहिली. त्यामुळे बंदरे जिवंत राहिली, आणि पाहुणा आला तेव्हा त्याला उतरायला जागा होती.

आता आपल्या सावित्रीकडे पाहा. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर, महाड करत ती बाणकोटला समुद्राला मिळते. मुखापासून चाळीसहून अधिक किलोमीटर आत, महाडपर्यंत, एके काळी गलबते येत. गांधारपाल्याच्या डोंगरातली बौद्ध लेणी याच जुन्या व्यापारी वाटेवर कोरलेली आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्ज 1771 मध्ये बाणकोटहून दासगावजवळच्या गरम झऱ्यांवर आला होता. 'ओरिएंटल मेमॉयर्स' या ग्रंथात त्याने ते लिहून ठेवले. आमच्या सव गावची गरम पाण्याची कुंडे याच परिसरातली. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची ओळ आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, तिथे तापते आणि पुन्हा वर येते. इथे ज्वालामुखीचा संबंध नाही.

या खाडीवर बोटीने उतरून घालवलेला एक दिवस तर देशाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. 24 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी सहकाऱ्यांसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. धरमतरवरून मोटारीने येणे जवळचे पडले असते. पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार टाकला तर वाटेत अडकून पडण्याचा धोका होता. दासगाव बंदरात उतरले तर पुढचे पाच मैल पायी तरी जाता येत होते. म्हणून त्यांनी लांबची जलवाट निवडली. 25 तारखेला दुपारी ते दासगावला उतरले आणि तिथून महाडला गेले. परिषदेच्या मांडवाला गावात कोणी जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ही सहल नव्हती, हे उघड आहे. पण कुठे उतरायचे, तिथून पुढे कसे जायचे, वाट अडली तर काय, याचा इतका काटेकोर विचार करून या खाडीत आलेला दुसरा प्रवास मला माहीत नाही.

तरीही आज बाहेरच्या पाहुण्याने मला विचारले की एका दिवसात सावित्रीकाठ कसा पाहू, तर मी त्याला बोटीने ये असे सांगू शकत नाही. तो कोकण रेल्वेने वीरला उतरतो किंवा महामार्गाने येतो, रायगडाचा रोपवे गाठतो, चवदार तळ्याला हात जोडतो आणि परत फिरतो. खाडी त्याला पुलावरून दिसते तेवढीच. वास्तविक दिवस असा आखता येईल: नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास, भरती चढू लागली की खालच्या अंगाने होडीत बसावे. भरतीच्या पाण्यावर सवला यावे, कुंडे पाहावीत. तिथून होडीनेच दासगाव. दासगावहून, जमेल त्याने चालत आणि न जमेल त्याने रिक्षाने, गांधारपाल्याची लेणी करत महाड. दुपारी चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ. रायगड या दिवसात कोंबू नये, त्याला स्वतंत्र दिवस द्यावा. पात्रात पोहायला उतरू नये, महाडच्या आसपास सावित्रीत मगरी आहेत. त्या लांबून पाहणे हाही या दिवसाचा भाग होऊ शकतो.

भरतीची वेळ काढायला आपल्या जुन्या माणसांना पंचांग पुरे होते. तिथीची पाऊणपट केली की समुद्रकाठी पूर्ण भरती साधारण किती वाजता, ते कळते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. वर खाडीत ती उशिरा पोहोचते. किती उशिरा, हे तांडेलांना तोंडपाठ असे. आज हे ज्ञान मोजक्या म्हाताऱ्यांकडे उरले आहे. धक्के गाळाने भरले, उतरायच्या पायऱ्या निखळल्या, आणि औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल खाडीपट्ट्यातले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करत आहेत. बर्गनशी बरोबरी करायला पैसा लागेल हे खरे. पण पायऱ्या दुरुस्त करायला, रेलिंग बसवायला आणि एक फळा लावायला नॉर्वेचा खजिना लागत नाही.

तो फळा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यावर रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि उधाणाचे दिवस लिहिलेले असावेत. हिवाळ्यात तो पाहुण्याला उपयोगी पडेल, पण पावसाळ्यात तो आपल्याला लागेल. जुलै 2021 चा महापूर ज्यांनी अंगावर घेतला त्यांना सांगायला नको की डोंगरातला लोंढा आणि खाडीतली भरती एकाच वेळी आली की महाडचे पाणी उतरायला वाट राहत नाही. त्या पुरानंतर पात्रातला गाळ काढण्याचे काम झाले, ते दरवर्षी होत राहायला हवे. गाळ काढलेली खाडी होडीला वाट देते आणि पुराच्या पाण्यालाही. म्हणून पाहुण्यांसाठीची सोय आणि गावाची सुरक्षितता या दोन वेगळ्या मागण्या समजू नयेत. ज्या गावाला आपले पाणी कळते, तेच गाव दुसऱ्याला पाण्यावरून बोलावू शकते.

गुरुजींना मी बर्गनची यादी दिली आहे. सोबत एक काम सांगितले आहे: तिथल्या धक्क्यावर पायऱ्या, पाट्या, बाके, वेळापत्रक कसे आहे ते फोटो काढून आणावे. ते फोटो आपल्या ग्रामपंचायतींच्या बैठकीत दाखवू.

20 मार्च 2027 ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला आणि 25 डिसेंबर 2027 ला मनुस्मृती दहनाला शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या वर्षी देशभरातून लोक महाडला येतील. सव आणि दासगावच्या ग्रामपंचायतींनी, महाडच्या पंचायत समितीने आणि बंदर खात्याने त्याआधी तीन कामे करावीत: दोन्ही गावांत सुरक्षित उतरण्याची जागा, भरतीच्या वेळांचा फळा, आणि दासगाव ते महाड या पाच मैलांवर चालण्याजोगी, पाट्या लावलेली वाट. ज्याला बाबासाहेबांसारखे पाण्यावरून येऊन पायी महाडला जायचे असेल, त्याला त्या दिवशी तसे जाता आले पाहिजे.