घर लांब, दिवस छोटा

मुंबईत कुणी ‘कुठे राहतोस?’ विचारलं की आपण स्टेशनचं नाव सांगतो. ‘बदलापूर’ म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘बाप रे, रोज येतोस?’ कॉलेज संपून पहिली नोकरी लागली की हा प्रश्न घरातही सुरू होतो. घरच्यांसोबत बदलापूर-विरारलाच राहायचं, की दादर-अंधेरीला तिघाचौघांत खोली घ्यायची? आई म्हणते, ‘स्वतःचं घर असताना भाडं कशाला भरायचं?’

या वादाला गंभीर बाजूही आहे. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत दिवा-मुंब्रादरम्यान वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. त्याच दिवशी चार जणांचा मृत्यू झाल्याचं जाहीर झालं. नंतर स्वयंचलित दारांच्या लोकलची घोषणा झाली. पण माणसं दारात लटकतात, कारण आत जागा नसते.

आता हिशेब करू. बदलापूर ते सीएसएमटी अंतर साधारण ६८ किलोमीटर. रिक्षाची रांग, गाडीची वाट, पुढचं चालणं धरलं तर घर ते ऑफिस दोन तास. येऊन-जाऊन चार. महिन्यात २४ दिवस कामाचे, म्हणजे ९६ तास, अख्खे चार दिवस! दादरला राहिलात आणि येण्या-जाण्यात रोज एकच तास गेला, तर महिन्याला ७२ तास वाचले.

समजा, खोलीतला तुमचा वाटा आणि खानावळ मिळून १५ हजार. म्हणजे वाचलेला प्रत्येक तास साधारण २०८ रुपयांना पडला. पगार २५ हजार असेल आणि रोजची ड्युटी नऊ तासांची, तर ऑफिसमधला एक तास तुम्हाला जेमतेम ११५ रुपये मिळवून देतो. वाचवलेला तास कमावलेल्या तासापेक्षा महाग! डिपॉझिट तर अजून धरलंच नाही. म्हणजे कागदावर आईचंच बरोबर आहे.

पण कागदावर न येणारं बरंच काही आहे. क्लास, एखादा कोर्स, जिम, झोप, मित्र हे सगळं त्याच ७२ तासांतून जातं. आणि पुढे पगार वाढायचा तर त्यासाठी वेळ लागतो तोही त्यातूनच. मुलींचा हिशेब आणखी वेगळा. ऑफिसची पार्टी असो की उशिराची शिफ्ट, शेवटची लोकल आणि स्टेशनबाहेर रिक्षा मिळेल का, यावरच ‘हो’ की ‘नाही’ ठरतं.

मग घरं इतकी लांब गेली कशी? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या जागी लोअर परळला ऑफिसं, मॉल आणि टॉवर आले. कामं शहरात राहिली, पण काम करणाऱ्यांची घरं डोंबिवली, बदलापूर, विरारकडे सरकली. रूळ मात्र त्या वेगाने वाढले नाहीत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू व्हायला २०२२ उजाडलं. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे तर लोकल आणि मेल-एक्स्प्रेस त्याच दोन रुळांवरून धावत आल्या आहेत. एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या रखडतात.

तरी उपनगर म्हणजे निव्वळ शिक्षा नाही. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर एकदा जाऊन बघा. नवे कपडे घालून तिथे अख्खं शहर एकमेकांना भेटायला आलेलं असतं. घरचं जेवण, ओळखीची गल्ली, आजारपणात विचारणारं माणूस हे दादरच्या खोलीत मिळेलच असं नाही.

म्हणून निर्णय घेताना आधी नोकरी कुठे आहे ते बघा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये असेल तर डोंबिवली सोयीचीच. ऐरोली-महापेला असेल तर नकाशावर जवळ दिसेल, पण ठाण्याला गाडी बदलावी लागते. बीकेसीला असेल तर हो म्हणण्याआधी आठवडाभर ऐन गर्दीच्या वेळी जाऊन-येऊन बघा. बिल्डरच्या जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ संध्याकाळी सात वाजता स्वतः मोजा. इंटरव्ह्यूमध्ये पगाराइतक्याच स्पष्टपणे विचारा, की आठवड्यातून किती दिवस घरून काम करता येईल? ऑफिसची वेळ पुढे-मागे होईल का?

आणि पहिल्या पगारात घरीच राहायचं ठरलं, तर त्यात कमीपणा नाही. फक्त मुदत ठरवा. वर्ष-दीड वर्ष डिपॉझिटपुरते पैसे बाजूला टाका, मग पुन्हा हिशेब मांडा. सोबत एक मागणीही लावून धरू या. कामाच्या ठिकाणांजवळ नव्याने नोकरीला लागलेल्यांना परवडतील अशी वसतिगृहं आणि भाड्याची घरं हवीत. नुसती दारं बंद करून गर्दी कमी होणार नाही.