पॉवर फॅक्टरचा धडा मागावर शिकवा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो, तेव्हा तारांतून दोन प्रकारची वीज वाहत असते. एक माग फिरवते. दुसरी मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी घेतली जाते आणि प्रत्येक आवर्तनात परत दिली जाते. या दुसरीने चादरीचा एक धागाही विणला जात नाही. पण तिची ये-जा चालावी म्हणून तार जाड लागते, ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो.

या दोन्हींची बेरीज सरळ होत नाही, हिशेब काटकोन त्रिकोणाचा आहे. एखाद्या वेटोळ्याचा रेझिस्टन्स ३ ओहम आणि रिअ‍ॅक्टन्स ४ ओहम असेल, तर इम्पीडन्स ७ नव्हे, ५ ओहम भरतो. ३ भागिले ५, म्हणजे ०.६, हा पॉवर फॅक्टर. बारावीच्या भौतिकशास्त्रात हे आहे, आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनलाही शिकवतात. परीक्षेत गुण मिळतात आणि गणित वहीतच राहते.

कारखान्यात मात्र त्याचे पैसे होतात. १० किलोवॉटचा भार ०.७ पॉवर फॅक्टरवर चालला, तर १४.३ केव्हीए उचलावे लागतात. ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज जोडणीत दर फेजला सुमारे २० अँपिअर. साधारण ७ केव्हीएआरचा कपॅसिटर लावला की पॉवर फॅक्टर ०.९५ होतो आणि प्रवाह १४.६ अँपिअरवर येतो. तारेत उष्णता होऊन जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून ती जवळपास ४६ टक्क्यांनी घटते. हा फायदा कपॅसिटर जिथे जोडला तिथपासून पुरवठ्याच्या बाजूलाच मिळतो. म्हणूनच तो मीटरशेजारी अडकवण्यापेक्षा मोटरजवळ असलेला बरा.

यंत्रमागाच्या मोटरला कमी पॉवर फॅक्टरचा रोग जास्त जडतो. गरजेपेक्षा मोठी मोटर बसवली, किंवा ती कमी भारावर फिरत राहिली, की पॉवर फॅक्टर घसरतो.

वीजदराची चर्चा निघाली की सारा भर सवलतीवर असतो. ती मागणी रास्तच आहे. परराज्यांतल्या मालाशी स्पर्धा करणाऱ्या कारखानदाराला दर परवडायला हवा. पण युनिटचा भाव मुंबईत ठरतो, पॉवर फॅक्टर स्वतःच्या शेडमध्ये. १ एप्रिल २०२० पासून महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे दोन्ही प्रकारच्या विजेचा एकत्रित हिशेब धरून येते. तिथे ढिलाईचा भुर्दंड थेट बिलात उतरतो.

कपॅसिटर एकदा बसवला की काम संपले, हीही गैरसमजूतच. तो कालांतराने निकामी होतो, आणि बाहेरून पाहून ते नेहमी कळत नाही. उलट माग बंद असताना तो जोडलेलाच राहिला, तर प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावतो. तोही पॉवर फॅक्टर वाईटच.

सोलापुरात वालचंद तंत्रज्ञान संस्था आहे, आयटीआय आहे, आणि हाकेच्या अंतरावर चालते माग आहेत. विद्यार्थ्यांचे एक सत्र तरी प्रयोगशाळेऐवजी या शेडमध्ये व्हावे: मोटर रिकामी आणि भरल्या भारावर मोजायची, कपॅसिटर किती हवा ते काढायचे, जुने तपासायचे. कारखानदारांच्या संघटनांनी दारे उघडावीत आणि महाविद्यालयांनी त्याला गुण द्यावेत. तोवर प्रत्येक मागवाल्याने गेल्या महिन्याचे बिल काढून त्यावरचा पॉवर फॅक्टर वाचावा, आणि तो ०.९ च्या खाली असेल तर वायरमनला याच आठवड्यात बोलवावे.