चाकांवरचे घर कुणाच्या अंगणात?

कॅरॅव्हॅन हा शब्द आपल्या कॉलेजात उच्चारला, तर निम्म्या मुलामुलींना इतिहासाच्या तासाला ऐकलेले उंटांचे तांडे आठवतील. मी ज्या कॅरॅव्हॅनबद्दल लिहिते आहे तिला उंट नाहीत. मिनीबसएवढी गाडी, आत झोपायची बाकडी, हातभर ओटा, छोटा फ्रीज आणि मागच्या कोपऱ्यात संडास-न्हाणी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. गाड्या आणि त्या उभ्या करायच्या जागा, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क, अशा दोहोंचा त्यात विचार आहे. या गाड्यांना कोकणचा किनारा खुणावणार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि मुंबई-पुण्याहून कोकणात उतरायचे म्हणजे पनवेल आलेच. विषय आपल्या दारावरून जाणारा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तसे पनवेलचे आणि चाकांचे नाते जुनेच. आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस गलबताने पनवेल बंदरात उतरे आणि १८३० साली बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर इथून गाडीने घाट चढे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीची चाके बनवण्याचा उल्लेख आहे. देशावरून पनवेलला ये-जा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीला इथली चाके असत म्हणे! तो गाडीवान पाणवठा आणि झाडाची सावली पाहून मुक्काम करी, तीन दगडांवर भाकरी भाजी आणि पहाटे राख मागे ठेवून निघून जाई. राख पहिल्या पावसात मातीत मिळते. आजच्या गाडीमागे जे उरते ते पावसात मिळत नाही, फार तर वाहून खाडीत जाते. माझे म्हणणे असे की, चाकांवरचे घर कुठेही उभे राहू शकते ही समजूतच खोटी आहे. ते नेहमी कुणाच्या तरी अंगणात उभे असते. त्या अंगणाचे नियम कोण ठरवतो आणि भाडे कुणाच्या हाती पडते, हे आधी विचारले पाहिजे.

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो मामामुळे. मामा अमेरिकेत सिॲटलजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात तो, मामी आणि मुले अलास्कात अशी गाडी भाड्याने घेऊन गेली होती. अँकरेज शहरापासून दोनशे किलोमीटरवर, म्हणजे पनवेलहून चिपळूण जेवढे लांब साधारण तेवढ्या अंतरावर, समुद्रकाठी स्यूअर्ड नावाचे गाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या ग्रामपंचायतीएवढी. एका बाजूला बर्फाचे डोंगर, समोर आखात, आणि उन्हाळ्यात रात्री अकरापर्यंत उजेड. तिथे ती पाच दिवस राहिली. गावातल्या दुकानातून ब्रेड आणि मासळी आणायची, बंदरावर जाऊन परतणाऱ्या होड्या पाहायच्या, शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या जोडप्याबरोबर चहा घ्यायचा, एवढाच कार्यक्रम. मामी म्हणाली, “पाच दिवसांत काही ‘पाहिले’ नाही, म्हणून बरे वाटले.”

मला मात्र मामाने सांगितलेल्या दुसऱ्याच गोष्टीत रस वाटला. ज्या पट्ट्यावर त्यांची गाडी उभी होती तिथे पूर्वी धक्के होते, रेल्वेचे रूळ होते, तेलाच्या टाक्या होत्या. २७ मार्च १९६४ रोजी अलास्कात ९.२ क्षमतेचा भूकंप झाला. चारपाच मिनिटे जमीन हलत होती. स्यूअर्डचा किनारा घसरून समुद्रात गेला, तेलाच्या टाक्यांनी पेट घेतला आणि मागाहून लाटा आल्या. गावाचा सगळा व्यवहार ज्या किनाऱ्यावर होता तो किनाराच राहिला नाही. नंतर गावाने तिथे पुन्हा गोद्या उभारल्या नाहीत. पट्टा मोकळा ठेवला. आज तिथे उद्यान आहे, आणि चाकांवरची घरे उभी करायच्या जागा आहेत. या जागा नगरपालिकेच्या मालकीच्या आहेत. भाडे नगरपालिका घेते, विजेची जोडणी आणि पाणी तीच देते, आणि गाडीतली मैल्याची टाकी रिकामी करण्याचे एक ठरलेले ठिकाण आहे, तिथेच ती करायची. समुद्राने जे हिसकावून घेतले त्याच्या जागी गावाने उत्पन्नाचे एक साधन उभे केले आणि ते गावाच्या हातात ठेवले. सगळेच तिथे आलबेल आहे असे नाही. मामाच्या सांगण्याप्रमाणे सप्टेंबर संपला की निम्मी दुकाने बंद होतात आणि गाव चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढते. पण पाहुणा आणि गाव यांच्यातला व्यवहार उघड आहे.

गेल्या डिसेंबरात मामा इकडे आला आणि त्याने हट्टाने मुंबईहून तशी गाडी ठरवली. ड्रायव्हर धरून आम्ही सातजण. वडखळवरून अलिबाग आणि तिथून नागाव. माझे काही वर्गमित्र हे ऐकून म्हणाले, “श्रीमंतांचे चोचले!” भाड्याचा आकडा ऐकल्यावर मीही तेच म्हणाले असते. एवढ्या पैशात आमचे कुटुंब चार वेळा एस.टी.ने जाऊन येईल, नागावला कुणाच्या घरी चार रात्री राहील आणि वर जिताड्याचे कालवण खाईल.

परंतु आजी बरोबर होती. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. तिला खाली बसता येत नाही, आणि वाटेत संडास कुठे मिळेल या धास्तीने गेली सहा वर्षे तिने पनवेलची वेस ओलांडली नव्हती. एस.टी.च्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, हे वाचकांपैकी मुलींना सांगायची गरज नाही. मुलांनी आपल्या आईला विचारावे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणावर आपल्याकडे इतकी वर्षे इतके बोलले गेले, पण त्या रस्त्यावर बाईमाणसाने जायचे कुठे, यावर किती जणांनी तोंड उघडले? आजी त्या दिवशी पेणपर्यंत दोनदा चहा प्यायली. एवढ्यासाठी तरी मी या गाडीला चोचले म्हणणार नाही. सोय खरी आहे. ती फक्त ज्यांना परवडते त्यांनाच मिळते, हे दुःख आहे.

नागावला पोचल्यावर गाडी उभी कुठे करायची हा प्रश्न आला. ड्रायव्हरचे म्हणणे, सरळ सुरूच्या बनात, समुद्रासमोर. तिथे आधीच चारपाच मोटारी उभ्या होत्या आणि एक तर ओल्या वाळूपर्यंत नेलेली. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत रुतली आणि भरतीच्या पाण्यात सापडली, अशा बातम्या आपण वारंवार वाचतो. तरी हौसेला मोल नाही. मामाने नकार दिला. शेवटी एका वाडीत विचारले. नारळ-पोफळीची वाडी, मागे दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या. वाडीवाल्या काकूंनी गाडीला एक फेरी मारली, खिडकीतून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, “संडास आत आहे ना? मग त्याचे कुठे जाते?”

मला वाटते, मंत्रालयातल्या फायलींत हा प्रश्न इतक्या थोडक्यात कुणी लिहिला नसेल. ड्रायव्हरने मोघम सांगितले की, “टाकी भरली की जाताना वाटेत कुठेतरी बघतो.” वाटेत कुठेतरी म्हणजे कुठे? ओढ्यात, खाडीत, नाहीतर कुणाच्या तरी शेताच्या बांधाला. काकूंनी अट घातली. रात्रीचे पाचशे रुपये, विजेचे वेगळे, दोन वेळचे जेवण त्यांच्याकडे घ्यायचे आणि निघण्यापूर्वी टाकी त्यांच्या शौचालयाच्या टाकीत रिकामी करायची. “माझी विहीर इथून पन्नास पावलांवर आहे,” त्या म्हणाल्या. किनाऱ्याजवळच्या विहिरींचे गोडे पाणी फार जपावे लागते. उपसा वाढला की समुद्राचे खारे पाणी आत सरकते. आमच्या गाडीच्या टाकीत दीडशे लिटर पाणी मावत होते. आम्ही सातजणांनी ते एका सकाळीत संपवले आणि पुन्हा भरून मागितले, तेव्हा काकूंनी दिले, पण बादली मोजून.

तिथे तीन रात्री राहिलो. आजी वाडीच्या कडेला खुर्ची टाकून समुद्र ऐकत बसे. एका रात्री काकूंच्या मुलांनी पोपटी लावली. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा आणि अंडी घातलेले मडके उलटे करून भोवती जाळ केला. मामाची अमेरिकेत वाढलेली मुले जाळाभोवती नाचत होती. गाडीतला ओटा आम्ही फक्त चहापुरता वापरला. काकूंचे यजमान म्हणाले, “तुमच्यासारखे थोडे. बाकीचे गॅस, तांदूळ, पाण्याच्या बाटल्या सगळे मुंबईहून आणतात. इथे ठेवतात काय, तर रिकाम्या बाटल्या.”

आमचे अर्थशास्त्राचे सर वर्गात विचारतात की, खर्च कोण सोसतो आणि लाभ कुणाला होतो. त्या दृष्टीने पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या पट्ट्यातल्या नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे जातात. या मधल्या काळात घर कसे चालायचे? ज्यांच्याकडे पाहुण्यांच्या दोन खोल्या होत्या त्यांना काही आधार होता. आता पाहुणा जर स्वतःची खोली चाकांवर घेऊन येणार असेल, तर या लोकांच्या दोन खोल्यांचे काय? कॅरॅव्हॅनला सरसकट विरोध करणाऱ्यांचा हा मुद्दा मला पटतो. त्यांचा निष्कर्ष मात्र पटत नाही. खोली नको असलेल्या पाहुण्यालाही पाणी लागते, वीज लागते, जेवण लागते, आणि ज्याचा उच्चार जाहिरातीत कधी होत नाही ते मैल्याचे ठिकाणही लागते. या चार गोष्टी गावाच्या हातात आहेत. गावाने त्या फुकट देऊ नयेत आणि कुणा बाहेरच्या कंत्राटदाराच्या हाती तर मुळीच देऊ नयेत.

माझी भीती अशी आहे की, उद्या किनाऱ्यालगतची एखादी मोठी जागा मुंबईचा कुणी घेईल, भोवती भिंत घालेल, आत पन्नास गाड्यांची सोय करील, आतच उपाहारगृह काढील. आणि गावाच्या वाट्याला रखवालदाराची नोकरी आणि उपसलेली विहीर येईल. स्यूअर्डला हे झाले नाही, कारण जागा नगरपालिकेची होती. आपल्याकडे किनाऱ्यावर सगळीकडे ग्रामपंचायतीची जागा मिळेल असे नाही, आणि समुद्राजवळच्या बांधकामाला सीआरझेडचे नियम आहेत, ते असलेच पाहिजेत. म्हणून मला वाडीतली व्यवस्था अधिक बरी दिसते. एकेका वाडीत एक, फार तर दोन गाड्या. ग्रामपंचायतीने वाड्यांची नोंद करावी आणि दर रात्रीमागे ठराविक रक्कम घ्यावी. मैल्याची टाकी रिकामी करण्याचे एक पक्के ठिकाण गावात बांधावे आणि तिथली पावती दाखवल्याशिवाय गाडी वेशीबाहेर सोडू नये. सुरूच्या बनात आणि वाळूवर एकही गाडी नको. हे जाचक वाटेल त्याने हॉटेलात उतरावे.

पनवेलनेही हात झटकू नयेत. २०१६ पासून आपण महानगरपालिका आहोत. कोकणात उतरणारी आणि परतणारी बहुतेक वाहने इथूनच जातात. परतीच्या वाटेवरच्या गाडीची टाकी भरलेली असते आणि पनवेल ओलांडले की मुंबईची गर्दी लागते. म्हणजे ड्रायव्हरचे ते ‘वाटेत कुठेतरी’ बहुधा आपल्याच हद्दीत, नाहीतर कर्नाळ्याच्या जंगलाच्या कडेला यायचे. महामार्गालगत अशा गाड्यांसाठी एक रिकामे करण्याचे ठिकाण, पाण्याचा एक नळ, आणि त्याच आवारात एस.टी.ने आणि दुचाकीने जाणाऱ्या बायकांसाठी चोवीस तास उघडे, पाणी असलेले, एका तरी खोलीत उंच बैठकीचे शौचालय. गाडीवाल्यांकडून पैसे घ्यावेत, बाकीच्यांकडून घेऊ नयेत. जागा कुठली, हे भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी एका रविवारी पळस्प्यापासून कर्नाळ्यापर्यंत चालून सुचवायला हरकत नाही. मी बरोबर यायला तयार आहे, आणि आजीने खुर्चीची उंची किती असावी ते मोजून दिले आहे.