खाण कोणाची?

कोळशाच्या मुलखात बदली होऊन आलेल्या आम्हां मराठी नोकरदारांच्या बैठकीत एक वाक्य हटकून ऐकू येते : "कामगारांच्या हाती खाण द्या, सहा महिन्यांत ते तिचे वाटोळे करतील." बोलणारे गृहस्थ बहुधा खाणीत एकदाही उतरलेले नसतात. मीही कारकूनच, माझा कोळशाशी संबंध कागदापुरता. परंतु कागदावरच्या पुराव्यानेच हे वाक्य खोटे ठरते.

दक्षिण वेल्समध्ये हिरवॉन गावाजवळ टॉवर नावाची खाण होती. ब्रिटनमधील खाणी १९४७ साली राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्या चालविणाऱ्या सरकारी मंडळाने एप्रिल १९९४ मध्ये, परवडत नाही म्हणून, टॉवर बंद केली. तेव्हा तेथील कामगार संघाचे चिटणीस टायरोन ओ'सलिव्हन यांच्या पुढाकाराने २३९ कामगारांनी नोकरी गेल्याबद्दल मिळालेल्या रकमेतून प्रत्येकी ८,००० पौंड घातले. २ जानेवारी १९९५ रोजी हीच माणसे मालक म्हणून खाणीत परतली. पुढे १३ वर्षे खाण चालली. जानेवारी २००८ मध्ये ती बंद झाली, ती काढण्याजोगा कोळसा संपला म्हणून, भांडणाने नव्हे. सरकारी हिशेबाला न परवडलेली खाण कामगारांना परवडली, याचे उत्तर आमच्या गृहस्थांपाशी आहे काय?

ते म्हणतील, शिस्त कोण राखणार? सहकार म्हणजे जो तो हुकूम सोडणार असे नव्हे. व्यवस्थापक व अभियंते राहतातच. ते कोणास जबाबदार, एवढेच बदलते. छताच्या टेकूंवरील खर्चात काटकसर करणे वर बसलेल्या मालकास सोपे असते. त्या छताखाली उभा राहणारा मालक दहांदा विचार करील. तरीही नफ्याचा मोह त्यालाही सुटत नाही. म्हणून सुरक्षेची सरकारी तपासणी तेथेही हवीच.

भांडवलाचा आक्षेप मात्र खरा आहे. आपल्या खाणकामगाराजवळ अशी गंगाजळी नाही. पण राष्ट्राच्या मालकीची खाण सहकारी संस्थेस भाडेपट्ट्याने देता येणार नाही काय? १९५७-५८ च्या सुमारास कॉफी बोर्डाने बंद केलेली कॉफीगृहे नोकरांनीच सहकारी संस्था काढून चालविली. त्याच इंडियन कॉफी हाउसात बसून आपण कामगारांची नालायकी सिद्ध करीत असतो! खाण म्हणजे कॉफीची किटली नव्हे, हे कबूल. परंतु 'यांना जमणार नाही' हे तेव्हाही म्हणता आलेच असते.

आपल्याकडे १९७१ ते १९७३ या काळात कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. २०२० पासून खाजगी धंद्यासाठी खाणींचे लिलाव होऊ लागले. वाद चालतो तो सरकार की शेठ एवढाच. राष्ट्राची मालकी म्हणजे कामगाराची मालकी नव्हे, हे टॉवरने दाखविले. माझे मागणे मोठे नाही. बंद पडलेली एक लहान खाण, पाच वर्षांच्या मुदतीने, कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवावी. तेवढे धाडस करावयाचे नसेल, तर निदान बैठकीतले ते वाक्य तरी पुन्हा उच्चारू नये.