मन थाऱ्यावर आणणारी तीन बोटं

मैत्रिणींनो, डबे भरून सगळ्यांना वाटेला लावलं, की छातीत धडधडतं. मुलांवर उगाच डाफरले, म्हणून चुटपुट लागते. अशा वेळी दोन मिनिटं टेकाच. तळहात वर करून मनगटाच्या घडीला लागून दुसऱ्या हाताची मधली तीन बोटं आडवी ठेवा. त्यांच्या पलीकडे, कोपराच्या बाजूला, दोन ताठ शिरांमधली जागा म्हणजे ‘नेइग्वान’. चिनी भाषेत ‘आतला दरवाजा’. तिथं अंगठ्यानं सोसेल इतपत दाबा, श्वास सावकाश सोडा. मग दुसरा हात. यानं कामं कमी होत नाहीत, पण मन थाऱ्यावर यायला मदत होते. सुया मात्र जाणकाराकडूनच टोचून घ्याव्यात.

आणि छाती दुखली, दम लागला, घाम फुटला, तर ‘दगदगीमुळं असेल’ म्हणून दाबत बसू नका. तडक डॉक्टर गाठा!