अष्टमीची भरती

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारं पाणी बघायचं तर लोणारला जायचं, आणि त्या सरोवराला ना भरती ना ओहोटी. त्यामुळे खामगावच्या माणसाने समुद्रकिनाऱ्यावर लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. पण पौषात बाबांना घेऊन अलिबागहून रेवदंड्यापर्यंत चालत गेलो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. "एवढ्या लांब जाऊन काय, तर चालायचं?" असं ज्या नातेवाइकांनी फोनवर विचारलं, त्यांनाही हेच उत्तर समजा.

बाबा मुळात चालणारे. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते, तेव्हा हजारो माणसं तिच्यासोबत चालतात. त्यात बाबा कित्येक वर्षं असतात. अंतर साधारण १६-१७ किलोमीटर. अलिबाग ते रेवदंडाही जवळपास तेवढंच, हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "चालाले काय, चालीन मी. पण तिथं देव कोनता?"

आता आमच्या घरातलं जुनं भांडण सांगायला हवं. मला पंचांगाचा राग. तिथी, मुहूर्त, राहुकाळ, सगळं मी एकाच पोत्यात बांधून माळ्यावर टाकलेलं. माझ्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस नेमका अमावास्येला आला. बाबा म्हणाले, एक दिवस उशिरा जा. मी गेलोच. पुढे दोन महिने आमच्यात अबोला होता. नंतर बोलणं सुरू झालं, पण त्या विषयाला दोघांनीही कधी हात लावला नाही.

तर अलिबागला एका घरगुती खोलीत उतरलो होतो. आपल्या वऱ्हाडी सवयीप्रमाणे मी ठरवलं, ऊन व्हायच्या आत पहाटे सहालाच निघायचं. घरमालकीणबाई चहा देताना म्हणाल्या, "किनाऱ्यानं जाणार ना? मग आज तिथी कोणती?" मी खिशातला मोबाईल काढेपर्यंत बाबा मागून म्हणाले, "अष्टमी. वद्य."

बाईंनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "मग सहाला भरती. नऊला निघा, आणि तीनच्या आत काय चालायचं ते चालून घ्या."

हिशेब अगदी सोपा आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीचे चोवीस, भागिले चार, सहा. सकाळीही सहा, संध्याकाळीही सहा, म्हणजे पूर्ण ओहोटी बाराच्या सुमाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा येतो, तशी भरतीही रोज मागे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, ते उधाण. अष्टमीला ते काटकोनात असतात म्हणून जोर कमी, तो भांग. बाई म्हणाल्या, भांगाला पाणी फार मागे हटत नाही, कुलाबा किल्ल्यात कोरड्या पायांनी जायचा नाद सोडा. सोडला.

नऊला निघालो. आक्षीची खाडी पुलावरून ओलांडली. या आक्षीत एक शिलालेख आहे. त्यावरचा शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं वाचून अनेक अभ्यासक त्याला मराठीतला सर्वांत जुना शिलालेख मानतात. त्यात राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलंय. बाबा म्हणाले, "राजा असो का कोनी, भरतीले थोडीच थांबवनार!"

आक्षीपासून नागावपर्यंत ओली, घट्ट वाळू. पायाला डांबरी रस्त्यापेक्षा बरी. डावीकडे सुरूची झाडं, उजवीकडे पाणी. नागावला मात्र गर्दी, घोडागाड्या, मोटारबोटी. एकाने हौसेने गाडी थेट वाळूत घातली होती. चाकं रुतलेली, आणि दहाजण ढकलताहेत. आम्ही तिथेच जेवायला रेंगाळलो आणि तीनची वेळ चुकवली. पुढे निघालो तर पाणी परत फिरलेलं. घट्ट वाळूची पट्टी बघता बघता चिंचोळी झाली आणि वरच्या भुसभुशीत वाळूत माझे पाय भरून आले. शेवटी बाबांनीच मला किनारा सोडून रस्त्याला काढलं. चौल मागे टाकून रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटापाशी पोचलो तेव्हा पाच वाजत आले होते.

मला म्हणायचंय ते एवढंच. समुद्र गाडीतून बघितला तर चित्रासारखा दिसतो, बघणाऱ्याचं काही अडत नाही. दोन गावांमधला किनारा पायी चालायला घेतला की मात्र त्याचं वेळापत्रक पाळावं लागतं. आणि ते वेळापत्रक चंद्राचं आहे. मी ज्याला अंधश्रद्धा म्हणून माळ्यावर टाकलं होतं, त्यात आकाशाचा हा साधा हिशेबही होता. अमावास्येला नोकरीवर रुजू होऊ नये हे मी आजही मानत नाही. पण अमावास्येला दुपारी बाराला किनाऱ्यानं चालायला निघू नये, हे मानतो. यातलं पहिलं भय आहे, दुसरं निरीक्षण. पोतं उघडून दोन्ही वेगळं करायचं कष्टाचं काम मी टाळलं होतं. बाबांनी सगळंच जपलं, मी सगळंच फेकलं, म्हणजे निवडलं दोघांनीही नाही.

तटाजवळ बसल्यावर मी बाबांना हे जमेल तसं बोलून दाखवलं. ते पाय चेपत बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुले उपास नाही ठेवा लागत, मंग तिथी कशी माहीत राहीन?"

माफी झाली की टोमणा, ते अजून कळलेलं नाही. पण घरी आल्यापासून भिंतीवरच्या कॅलेंडरात रोज सकाळी तिथी बघतो, आणि खामगावात बसून अलिबागची भरती मोजतो.